अध्यक्ष महाराज, तेवढे मोजून घ्या

मा. अध्यक्ष, लोकसभा,
संसद भवन, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

इंग्रजी कागदोपत्री आपला आणि माझा हुद्दा एकच, प्रिसायडिंग ऑफिसर. मराठीत आल्यावर वाटा फुटतात. आपण पीठासीन अधिकारी, मी मतदान केंद्राध्यक्ष. आपली मुदत पाच वर्षांची. माझी जेमतेम दीड दिवसाची, साहित्य ताब्यात घेतल्यापासून दुसऱ्या रात्री ते जमा करून पोच हातात पडेपर्यंत. मी शाळेत गणित शिकवत असे. नोकरीत पाच वेळा निवडणुकीची ऑर्डर आली, त्यांपैकी तीन वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. आता निवृत्त आहे आणि दुपारी मालिकांऐवजी संसद टीव्ही लावून बसते. घरचे हसतात. हसू देत.

विषय एकच आहे: मतविभाजन, म्हणजे होय-नाहीच्या आवाजावर न सोडता सदस्यांची मते प्रत्यक्ष मोजणे. कोणी मागितले की ते द्यावे, एवढीच विनंती आहे. पण ती नुसती केली तर चार ओळींत संपेल आणि फाइलला लागेल. म्हणून आधी माझ्या केंद्रावरची एक संध्याकाळ सांगते.

मतदान संपले, दार लावले. मतदारांच्या रजिस्टरमध्ये शेवटचा अनुक्रमांक ६१२. मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवर ‘टोटल’चे बटण दाबले, आकडा आला ६११. पुन्हा दाबले. ६११. समोर उमेदवारांचे तीन पोलिंग एजंट, बाहेर बस उभी, ड्रायव्हर हॉर्न देतोय, झोनल ऑफिसरचा फोन वाजतोय. माझ्याच पथकातला एक जण हळूच म्हणाला, “मॅडम, एका मतानं काय होतंय? इथं लीडच दोन-तीनशेचं असतं.” मी त्याला म्हटले, चिठ्ठ्या मोज. सही आणि शाई झाली की दुसरा अधिकारी मतदाराला चिठ्ठी देतो, ती तिसरा अधिकारी काढून घेतो आणि मगच मशीन मतासाठी खुले करतो. चिठ्ठ्या भरल्या ६११. म्हणजे कोणीतरी सही केली, बोटाला शाई लावून घेतली आणि चिठ्ठी खिशात घालून तसेच निघून गेले. दुपारच्या गर्दीत आमच्या कोणाच्या लक्षात आले नाही. चूक आमचीच होती.

नमुना सतरा सी नावाचा एक कागद असतो. त्यात मतांचा हिशेब लिहायचा आणि रजिस्टर व मशीन यांचा मेळ बसतो की नाही, तेही लिहायचे. तिथे मी लिहिले, एकाचा फरक. एजंटांना सही करून प्रती दिल्या. त्यातला एक, हरणाऱ्या पक्षाचा, म्हणाला, “बाई, लिहिलंत ते बरं केलंत.” मशीन जमा करून घरी पोचायला रात्रीचा एक वाजला. तो एक माणूस कोण होता, मला आजही ठाऊक नाही. पण तो कागदावर आहे.

आता आपल्या सभागृहाकडे येते. विधेयक मताला टाकले जाते. जे बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे, जे विरोधात असतील त्यांनी नाही म्हणावे. एक कल्लोळ उठतो, मग दुसरा. आसनावरून शब्द येतात, “हां की जीत हुई, हां की जीत हुई.” सगळे मिळून पंधरा सेकंदही लागत नाहीत. ज्या ६११ जणांच्या एकेका बोटाचा मी हिशेब दिला, त्यांनी निवडून दिलेल्या माणसाचे मत इथे कानाच्या अंदाजाने धरले जाते.

यात बेकायदा काही नाही, हे मला माहीत आहे. आवाजी मतदान ही जुनी, सोयीची पद्धत आहे. सभागृहापुढे दिवसभरात किती तरी प्रस्ताव येतात, बहुतेकांवर वादच नसतो. प्रत्येकासाठी मशीन सुरू करा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. माझे बोट दुसऱ्याच ठिकाणी आहे.

लोकसभेच्या कामकाजाचा नियम ३६७ मी दहा वेळा वाचला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या माणसाला नियमातली पळवाट शोधायची सवय असते, तशी शोधत वाचला. नियम सांगतो की अध्यक्षांनी आधी फक्त आपले मत सांगायचे: मला वाटते, ‘होय’वाले जिंकले. ‘मला वाटते’ हे शब्द नियमातच आहेत. त्याला कोणी हरकत घेतली नाही तरच तो निर्णय पक्का होतो आणि दोनदा उच्चारला जातो. हरकत आली तर सभागृहालगतच्या लॉबी मोकळ्या करायच्या, साडेतीन मिनिटे थांबायचे, प्रश्न पुन्हा मांडायचा. पुन्हा हरकत आली तर मशीनवर, होय-नाहीच्या चिठ्ठ्यांवर किंवा लॉबीत जाऊन मते नोंदवायची. आणि मागणी उगाचच आहे असे अध्यक्षांना वाटले तर? त्याचीही सोय आहे. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी उभे करायचे आणि डोकी मोजून निकाल द्यायचा. त्यात नावे नोंदली जात नाहीत, इतकेच. म्हणजे मागणी खोडसाळ वाटली तरी नियमाने दाखवलेली वाट मोजणीचीच आहे. ‘ऐकू आलेच नाही’ अशी वाट मला त्या नियमात कुठे सापडली नाही.

माझ्या केंद्रावर हरकतीला किंमत होती, दोन रुपये. एखादा मतदार तो नव्हेच, असे पोलिंग एजंटला वाटले तर त्याने प्रत्येक हरकतीमागे दोन रुपये रोख माझ्याकडे ठेवायचे. मग मी तिथल्या तिथे चौकशी करायची. हरकत प्रामाणिक निघाली तर पैसे परत, उगाच काढलेली निघाली तर सरकारजमा. पण चौकशी दोन्ही वेळा करायचीच. एजंट रागीट आहे, सकाळपासून कटकट करतोय, त्याच्या पक्षाला इथे कोणी विचारत नाही, असली कारणे मला चालत नव्हती. दोन रुपयांच्या हरकतीला एवढा मान असेल, तर लाखो मतदारांच्या वतीने बोलणाऱ्या खासदाराच्या हरकतीला किती असावा?

सभागृह गोंधळात असते, सदस्य फलक घेऊन वेलमध्ये, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलेले असतात, मोजायचे कसे, हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे. ते पूर्णपणे खोटे नाही. वेलमधल्या माणसाचे मत कुठल्या बाकावर धरायचे? मलाही रांग सोडून दारात घोळका करणाऱ्यांशी झगडावे लागले आहे. पण या उत्तरातली एक गोष्ट मला खटकते. मार्च २०१८ आठवा. १४ तारखेला वित्त विधेयक गोंधळातच, चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झाले. दोनच दिवसांनी सरकारवरच्या अविश्वास प्रस्तावाच्या नोटिसा सभागृहापुढे येऊ लागल्या. नियम १९८ प्रमाणे त्यासाठी ५० सदस्यांनी उभे राहावे लागते. तेव्हाच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन यांचे म्हणणे असे की सभागृह शिस्तीत नाही, त्यामुळे डोकी मोजता येत नाहीत. ते अधिवेशन तसेच संपले. जुलैत प्रस्ताव दाखल झाला, २० तारखेला चर्चा आणि मतदान होऊन १२६ विरुद्ध ३२५ असा पडला. सरकारला काही धोका नव्हताच. प्रश्न साधा आहे. ज्या गोंगाटात ५० माणसे मोजता येत नाहीत, त्याच गोंगाटात शेकडो माणसांचे बहुमत नुसत्या कानाने कसे कळते? गणिताच्या बाईला हे सुटत नाही.

राज्यसभेचे आसन आपल्या अखत्यारीत नाही, तरी २० सप्टेंबर २०२० चा दिवस सोडून पुढे जाता येत नाही. कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन मागितले आणि विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. मागणारे सदस्य जागेवर नव्हते, असे आसनाचे म्हणणे पडले. होते की नव्हते, यावर पुढे बराच वाद झाला. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. वर्षभराने, २९ नोव्हेंबर २०२१ रोजी, तेच कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत झाले. कायदे आवाजात आले आणि आवाजातच गेले. मधल्या वर्षभरात दिल्लीच्या वेशीवर काय झाले, ते सगळ्या देशाने पाहिले. मोजणी झाली असती तर विधेयके पडली असती, असे मी म्हणत नाही. बहुधा मंजूरच झाली असती. पण मग कोण कोणत्या बाजूला होता याचा कागद असता, आणि ‘आमचे मोजलेच नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडी आले नसते.

आमच्या महाराष्ट्राने तरी शहाणपणा शिकवू नये, असे कोणी म्हणेल. बरोबरच आहे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने संमत झाला होता. सरकारवर विश्वास आहे की नाही हे ठरवायचे आणि तेही आवाजावर! त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत बरीच तावातावाने बोलले होते. ऐकणारे बोलून चालून मराठीचे आणि चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

कानाला न कळणारे आकडे असतात, अध्यक्ष महाराज. (हे संबोधन आमच्या विधानसभेतले. मला ते ‘महोदय’पेक्षा जवळचे वाटते.) १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते पडली, ६१ विरुद्ध ६१. आसनावर विठ्ठलभाई पटेल होते. त्यांनी आपले निर्णायक मत विधेयकाच्या विरोधात टाकले आणि ब्रिटिश सरकारचे विधेयक पडले. खुद्द विठ्ठलभाई १९२५ साली त्या आसनावर निवडून आले तेही दोन मतांनी. पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर, १९४६ साली त्याच कायदेमंडळाच्या आसनावर निवडून आले ते ६६ विरुद्ध ६३ असे. यातला एकही निकाल नुसत्या कानाने लागला नसता. सरकारी बाकांवरचे लोक कदाचित मोठ्याने ओरडले असते आणि ६१–६१ हे इतिहासाला कधी कळलेच नसते.

मग १७ एप्रिल १९९९. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव, २६९ विरुद्ध २७०. आसनावर तेव्हाचे अध्यक्ष बालयोगी होते आणि त्यांचा पक्ष सरकारला पाठिंबा देणाऱ्यांपैकी होता. गिरिधर गमांग फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकीचा राजीनामा दिलेला नव्हता. त्यांनी मत द्यावे की नाही, हा वाद आसनापुढे आला. अध्यक्षांनी ते त्या सदस्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडले. मत पडले, सरकारही पडले. तो निर्णय चूक की बरोबर, यावर आजही दोन तट पडतात. पण आकडा काय होता, यावर तट पडत नाहीत.

घटनेच्या कलम १०० ने आपले स्वतःचे मत बाजूला काढून ठेवले आहे. पहिल्या फेरीत आपण मत द्यायचे नाही. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली तर मात्र ते वापरायचे. समसमान झाली हे मोजल्याशिवाय कळणार कसे? मला तर वाटते, त्या कलमाने आपल्या हाती जे काही दिले आहे ते मोजणी गृहीत धरूनच दिले आहे.

निकाल आधीच ठाऊक असतो, मत कसे द्यायचे याचा पक्षादेश म्हणजे व्हिप निघालेला असतो, मग मोजण्याचा खटाटोप कशाला, असे माझा मुलगा विचारतो. तो बँकेत आहे. मी त्याला विचारले, कॅश रोज जुळते हे ठाऊक असूनही रोज संध्याकाळी का मोजतोस? गंमत सोडली तरी, मतविभाजनाच्या छापील इतिवृत्तात आकड्यांबरोबर नावे येतात. माझ्या खासदाराने जमीन, पाणी, वीज, पेन्शन यांच्या कायद्यावर काय केले, हे मला त्या नावांवरूनच कळणार. आवाजी मतदानात त्याने होय म्हटले, नाही म्हटले, की कॅन्टीनमध्ये होता, हे त्याचे त्यालाच माहीत. आणि व्हिपचे म्हणाल, तर दहाव्या परिशिष्टाचा पक्षांतरबंदीचा बडगा मताला धरूनच उगारला जातो. मताची नोंदच नसेल, तर व्हिप पाळला कोणी आणि मोडला कोणी?

वेळेचे कारण तर मी ऐकूनच घेणार नाही. साडेतीन मिनिटे. शाळेतली मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर मुले वर्गात यायला त्याहून जास्त वेळ घेतात.

आणि हे आपल्या सभागृहाला जमत नाही असे थोडेच आहे? १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र निवडणुकांचे विधेयक नुसते मांडायचे होते, तरी मतविभाजन मागितले गेले आणि दिले गेले. आधी मशीनवर २२० विरुद्ध १४९ आले, मग चिठ्ठ्यांची भर पडून २६९ विरुद्ध १९८. (मी लगेच वजाबाकी केली, दोन्हीकडे ४९ची भर. सवय जात नाही.) एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकावर मध्यरात्र उलटून गेल्यावर मते मोजली, २८८ विरुद्ध २३२. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश लागतात म्हणून तिथे मोजणी चुकतच नाही. सप्टेंबर २०२३ मधले महिला आरक्षण ४५४ विरुद्ध २ असे संमत झाले. निकालाबद्दल कोणाला तिळमात्र शंका नव्हती. तरी मोजले, आणि विरोधातले ते दोघे कागदावर आले. माझ्या ६१२व्या माणसासारखे.

गीरच्या जंगलात बाणेज नावाच्या जागी एकाच मतदारासाठी केंद्र उभारत आले आहेत. त्या एकासाठी पूर्ण पथक जाते. तिथे कोणी सांगत नाही की एका मताने काय होते, दुरून ओरडून विचारून घ्या.

केंद्रावर माझ्याकडून चूक झाली तर तिला इलाज होता. फेरमतदान होऊ शकले असते, निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत निवडणूक याचिका होऊ शकली असती. आपल्याबाबतीत तसे नाही. कलम १२२ प्रमाणे कामकाजाच्या रीतीत चूक झाली म्हणून न्यायालयात जाता येत नाही, आणि ते चालवताना वापरलेल्या अधिकाराबद्दल आपल्याला तिथे जाब विचारता येत नाही. ते योग्यच आहे. संसदेचा कारभार कोर्टाने हाकू नये. पण ज्याच्या वर कोणी नाही त्याने अंदाजावर कमी आणि मोजणीवर जास्त विसंबावे, असे मला वाटते.

जाता जाता आणखी एक. ते या पत्राच्या विषयात बसत नाही, पण राहवत नाही. मला त्या दीड दिवसात काही झाले असते तर माझे काम बघायला पहिला मतदान अधिकारी आधीच नेमलेला असे. दीड दिवसासाठी! घटनेचे कलम ९३ अध्यक्षांच्या बरोबरीने उपाध्यक्षही होईल तितक्या लवकर निवडायला सांगते. सतराव्या लोकसभेची सगळी मुदत उपाध्यक्षाशिवाय गेली.

१५ मे १९५२ रोजी पहिल्या लोकसभेने अध्यक्ष निवडले, तेव्हा मावळंकरांच्या विरोधात आमच्या सोलापूरचे शंकरराव मोरे उभे होते. मते मोजली गेली, ३९४ विरुद्ध ५५. अठराव्या लोकसभेने २६ जून २०२४ रोजी अध्यक्ष निवडला तो आवाजी मतदानाने. विरोधकांनी मोजणीचा आग्रह धरला नाही, त्यामुळे त्यात वावगे काही नाही. मागितलेच नाही तर देणार काय? माझी तक्रार मागितल्यावर न देण्याची आहे.

मतविभाजन मागणारा सदस्य वेलमध्ये असेल, तर एवढेच म्हणावे: मी मोजायला तयार आहे, घंटा वाजते आहे, साडेतीन मिनिटांत जागेवर या. आले तर मोजावे. नाही आले, तर ‘मागणी झाली, सदस्य जागेवर परतले नाहीत’ असे इतिवृत्तात येऊ द्यावे, सतरा सीवरच्या माझ्या त्या ओळीसारखे. मग दोष कोणाचा, हे लोक वाचून ठरवतील.

येत्या अधिवेशनासाठी मी शंभर पानी वही आणली आहे. तीन रकाने आखले आहेत: तारीख, मागितले, दिले. दुपारी वीज गेली नाही तर रोज भरीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
तीन निवडणुकांपुरती मतदान केंद्राध्यक्ष